आजीच्या पदराआड वाढणारी लेकरं: त्या आजीला हात कसा द्यायचा

तेराव्याची पंगत उठते, मांडव सोडायला माणसं येतात आणि तेव्हा कुठं प्रश्न उभा राहतो: लेकरं कुणाकडं? याची बैठक बसत नाही, ठराव होत नाही. आजी धाकट्याला मांडीवर घेते, थोरली तिच्या पदराला धरून उभी असते, आणि निकाल लागलेला असतो. पाहुणे निघताना म्हणतात, "काही लागलं तर सांगा बरं का आत्या." आत्या कधीच सांगत नाही.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षं शिकवलं. वर्गात दरवर्षी अशी तीन-चार लेकरं असायचीच. कुणाचे आईबाप गेलेले, कुणाचा बाप गेला आणि आईचं दुसरं लग्न झालेलं, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाची आई दवाखान्यात. सांभाळणारी आजी, नाहीतर मामा, मावशी, चुलता. इतक्या वर्षांत माया कमी पडलेली मी फार थोड्या घरांत पाहिली. कमी पडायचा तो कागद. लेकराचं सगळं आजी करते, पण कागदावर ती त्याची कुणीच नसते. शाळेत, बँकेत, तलाठ्याकडं, दवाखान्यात एकच प्रश्न येतो: "पालक कोण?"

म्हणून हा लेख आजीसाठी नाही. तिला वाचायला वेळ नाही आणि बहुधा चष्माही नाही. शेजारी, भाचा, शिक्षक, अंगणवाडी ताई, पुण्या-मुंबईला नोकरी करणारा चुलतभाऊ, म्हणजे "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी तो आहे.

आधी एक पिशवी

पहिल्या पंधरा दिवसांत पैसे देऊ नका, पिशवी द्या. चेन असलेली प्लॅस्टिकची, पावसात न भिजणारी. तिच्यात हे जमवायचं:

आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मूळ प्रती, तीन-चार तरी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत केली की सोपं जातं. वर्ष उलटलं तर थेट दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. दुःखाच्या घरात हे कुणाला सुचत नाही, म्हणून ते बाहेरच्या माणसानं करायचं.

लेकरांचे जन्मदाखले आणि आधार. आधारवर पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, ते राहिलेत का बघा. आजीचं आधार, रेशनकार्ड, पासबुक. वडिलांचं आधार आणि पासबुक फेकू देऊ नका. घरातली माणसं गेलेल्याच्या वस्तू बघवत नाहीत म्हणून ट्रंकेत कोंबतात, कधी जाळूनही टाकतात.

आणि बहुतेकजण विसरतात ती एक गोष्ट: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. पुढं लेकराचा जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कागदांवर होते. आजोळी वाढणाऱ्या लेकराची इथं फार ओढाताण होते, कारण चुलत्यांशी बोलणं तुटलेलं असतं. बोलणं आहे तोवरच आजोबांचा, वडिलांचा, चुलत्याचा दाखला मागून झेरॉक्स काढून ठेवा. दहा वर्षांनी त्याच झेरॉक्ससाठी कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं.

पासबुकातल्या दोन नोंदी

वडिलांचं आणि आईचं पासबुक भरून आणा आणि गेल्या वर्ष-दोन वर्षांच्या नोंदी वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवन ज्योती विमा आहे. २० रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी २ लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी ती २० रुपयांची नोंद आठ महिन्यांनी सापडली, तीसुद्धा मी दुसऱ्याच कामासाठी पासबुक मागितलं म्हणून. महिन्याभरात दावा केलेला बरा, उशीर झाला तरी अर्ज करून बघावाच.

तसंच विचारा: वडील बांधकाम मजूर म्हणून बांधकाम कामगारांच्या सरकारी मंडळात नोंदलेले होते का? कारखान्यात किंवा कंपनीत भविष्यनिर्वाह निधी कापला जात होता का? तसा असेल तर मुलांना निवृत्तीवेतन लागू होतं, ते पंचवीस वर्षं वयापर्यंत चालतं. शेतकरी असतील आणि अपघात असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत २ लाख आहेत. आत्महत्या असेल आणि जिल्हा समितीनं प्रकरण पात्र ठरवलं तर १ लाख मिळतात, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. कर्ता माणूस गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल तर तहसीलमधून राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २० हजार.

यातलं एखादंच लागू पडतं. पण ते एक शोधायला पाच ठिकाणी विचारावं लागतं, आणि पासष्ट वर्षांची बाई पाच ठिकाणी जात नाही.

बालकल्याण समितीची भीती

आता मुख्य पायरी. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष, चार सदस्य. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली तिला न्यायपीठाचे अधिकार आहेत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं लेकरू कुणाच्या ताब्यात राहील, याचा लेखी आदेश ती देते. आजीला "कुणीच नाही" पासून "कुणीतरी" करणारा हा पहिला कागद.

आणि इथंच गाडं अडतं. मी पहिल्यांदा एका आजीला समितीचं नाव सांगितलं तर ती आठ दिवस शाळेकडं फिरकली नाही. तिचं म्हणणं, "बाई, तुम्ही लेकरू आश्रमात घालायला निघालात." ही भीती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. तिला नीट समजवा: कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्वच्छ लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. घरात सांभाळणारं, मायेचं माणूस असेल तर लेकरू घरातच राहावं, हीच समितीची पहिली दिशा असते. शक्य असेल तर आदेश मिळालेल्या दुसऱ्या एखाद्या आजीशी गाठ घालून द्या. आपल्या दहा वाक्यांपेक्षा तिचं एक वाक्य भारी पडतं.

जायचं कसं? जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय असतं आणि त्याला जोडून जिल्हा बाल संरक्षण कक्ष. अर्ज तिथं मिळतो. जाण्याआधी फोन करून समिती कधी बसते ते विचारा. आजीला तीस मैल नेऊन "उद्या या" ऐकवायचं नाही. फोन कुणाला करायचा कळत नसेल तर १०९८ लावा. मुलांसाठीचा हा मदतीचा क्रमांक मार खाणाऱ्या लेकरासाठी आहेच, पण योजना कुठं, अर्ज कुठं, हेही तिथं विचारता येतं. एसटीचं म्हणाल तर बाईमाणसाला अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. ओळखपत्र मात्र मूळचं जवळ ठेवा.

सोबत लागतं: लेकराचा जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, आईवडिलांचे मृत्यूचे दाखले किंवा जे कारण असेल त्याचा पुरावा, आजीचं आधार, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक आणि घरासमोर उभं राहून काढलेला आजी-लेकरांचा एकत्र फोटो. हा फोटो मोबाइलवर नीट उजेडात काढा. आजी हटकून म्हणणार, "थांब, लुगडं बदलते." बदलू द्या.

सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं. कार्यालयाबाहेरचा टंकलेखक तरीही मुद्रांक गळ्यात मारतो. शांतपणे नको म्हणा.

दरमहाचा पैसा

महाराष्ट्राची बालसंगोपन योजना या लेकरांसाठीच आहे. सावित्रीबाई फुले यांचं नाव तिला दिलेलं आहे. २०२१ पर्यंत महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले आणि २०२३ पासून २२५० रुपये. वय अठरा होईपर्यंत. दोन्ही पालक गेलेले असले पाहिजेत असं नाही. एक पालक गेलेला, घटस्फोट, पालकाला कर्करोग किंवा एचआयव्हीसारखा आजार, पालक तुरुंगात, अशीही प्रकरणं बसतात.

दुसरी वाट केंद्राच्या मिशन वात्सल्य या मुलांसाठीच्या योजनेतल्या प्रायोजकत्वाची (स्पॉन्सरशिप), महिन्याला ४००० रुपये. नातेवाइकांकडं राहणारी अनाथ मुलं तिच्यात थेट बसतात, पण कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार आणि इतरत्र ९६ हजारांच्या आत लागतं. एका लेकराला दोन्हींचा पैसा एकदम मिळत नाही. कक्षात गेल्यावर "बालसंगोपन द्या" म्हणण्याऐवजी "दोन्हींतलं काय बसतं?" असं विचारा.

एक इशारा. हा पैसा पगारासारखा एक तारखेला येत नाही. कधी चार-सहा महिन्यांचा एकदम येतो. त्याच्या भरवशावर किराण्याची उधारी वाढवू देऊ नका. आला की आधी शाळेची वर्षाची खरेदी, मग बाकीचं. दरवर्षी नवं बोनाफाईड द्यावं लागलं की ते राहून जातं आणि अनुदान थांबतं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात काढायचं, असं भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा.

बँक खात्याची अडचण ठरलेली. लहान लेकराचं खातं बँक आईबापाच्या किंवा कायदेशीर पालकाच्या नावानंच उघडते. समितीच्या आदेशाची प्रत घेऊन जा आणि काउंटरवर न भांडता शाखाधिकाऱ्यांसमोर बसा. लेकरू दहा वर्षांचं झालेलं असेल तर स्वतःच्या सहीनं चालणारं बचत खातं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसतं.

आजीचा स्वतःचा पैसाही बघा. पासष्ट पूर्ण असतील आणि वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये. लेकरांच्या मागं धावताना तिचाच अर्ज राहिलेला असतो.

सातबाऱ्यावरचं अ.पा.क.

जमीन दोन एकर असो की दहा गुंठे, वारसनोंद लांबवू नका. लेकरं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, असली तरी त्यांची नावं सातबाऱ्यावर लागतात, पुढं "अ.पा.क." म्हणून आजीचं नाव येतं. अज्ञान पालन कर्ता. या तीन अक्षरांचा अर्थ भल्या-भल्यांना माहीत नसतो. आजीला वाटतं आता जमीन आपल्याला विकता येईल, चुलत्याला वाटतं आजीचा अंगठा घेतला की झालं.

तसं नाही. अज्ञानाची जमीन विकायची किंवा गहाण टाकायची तर खऱ्या आईबापालाही न्यायालयाची परवानगी लागते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा आहे, त्याच्या आठव्या कलमात हे आहे. आणि आजीसारख्या, केवळ सांभाळ करते म्हणून पालक झालेल्या व्यक्तीला अज्ञानाची मिळकत विकण्याचा अधिकारच नाही, असं अकरावं कलम सांगतं. "सही कर, लेकरांच्याच कामाला पैसे येतील" म्हणत कुणी कागद पुढं केला, तर "वकिलाला विचारून सांगते" हे एवढं वाक्य तिच्या तोंडी बसवा.

मिळकत मोठी असेल, विम्याची रक्कम मोठी असेल किंवा दोन्हीकडच्या नातेवाइकांत ताण असेल, तर जिल्हा न्यायालयात पालक व पाल्य कायदा १८९० खाली पालक नेमून घ्यावं. प्रत्येकाला त्याची गरज नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका आणि मुलांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दत्तकाचा विचार असेल, म्हणजे मावशीला किंवा काकाला लेकरू कायमचं आपलं करायचं असेल, तर नात्यातल्या दत्तकाची रीतसर वाट आहे आणि आता त्याचा आदेश जिल्हाधिकारी देतात. मुद्रांकावर "लेकरू दिलं-घेतलं" लिहून काही होत नाही.

शाळा, रेशन, प्रमाणपत्र

गाव बदललं आणि दाखला आला नाही म्हणून पहिली ते आठवीत प्रवेश नाकारता येत नाही. हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातलं आहे. मुख्याध्यापकांना माहीत असतं, आठवण करून द्यावी लागते. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांमध्ये अनाथ लेकरं वंचित गटात येतात.

रेशनकार्डात लेकरांची नावं चढवा. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो धान्य वाढतं. अंत्योदय असेल तर माणसं कितीही झाली तरी ३५ किलोच.

दोन्ही पालक गेलेले असतील तर अनाथ प्रमाणपत्र काढाच. महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे. संस्थेत वाढलेल्यांनाच ते मिळतं असा जुना समज आहे, पण नातेवाइकांकडं वाढलेली मुलंही त्यात येतात. अर्ज महिला व बालविकास खात्याकडं. मुलगा बारावीला गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा सहावी-सातवीतच काढून पिशवीत ठेवा.

घरात काय बोलायचं

"बाबा गावाला गेलेत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! पहिलीतलं पोर रोज एसटीच्या वेळेला थांब्यावर जाऊन बसायचं. शेवटी त्याच्या मामानं त्याला जवळ घेऊन सांगितलं की बाबा वारले, आता परत येणार नाहीत. पोर रडलं, दोन दिवस जेवलं नाही, आणि थांब्यावर जायचं बंद झालं. लेकरांना खरं सांगा. सगळा तपशील सांगायची गरज नाही, पण खोटं नको.

आई जिवंत आहे, तिचं दुसरं लग्न झालंय, अशा घरात बोलणं आणखी अवघड. आजीचा मुलगा गेलेला असतो, तिच्या मनात सुनेवर राग असतो, आणि तो लेकरांच्या देखत बाहेर पडतो: "टाकून गेली तुमची आई." आजीला उपदेश करू नका. तिचं स्वतःचं लेकरू गेलंय, हे आपण सगळेच विसरतो. तिच्याजवळ बसा, तो राग तिला तुमच्यापुढं काढू द्या, म्हणजे लेकरांपुढं कमी निघेल. आणि आईनं दिवाळीला भेटायला यायचं म्हटलं तर वाट अडवू नका. भेट तुमच्या घरी होऊ द्या, म्हणजे दोन्ही बाजूंचा मान राहतो.

आजीचे गुडघे

मदत म्हणजे फक्त कार्यालयं नव्हे. वयाच्या सत्तरीत पुन्हा डबे, पुन्हा अभ्यास, पुन्हा रात्री ताप बघत बसणं. "काही लागलं तर सांगा" याऐवजी ठरलेलं काम अंगावर घ्या: दर गुरुवारी लेकरं आमच्याकडं जेवतील. गणिताचा अभ्यास रोज सात ते आठ माझ्याकडं. दळण मी आणीन. वार आणि वेळ ठरली की आजीला मागावं लागत नाही, आणि मागणं हेच तिला जड जातं.

मोतीबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. अडतं ते त्या चार दिवसांत लेकरं कुणी सांभाळायची यावर. तेवढे चार दिवस सांभाळा. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान कार्डाला उत्पन्नाची अट नाही, तेही काढून घ्या.

आणि पुण्या-मुंबईच्या चुलतभावांनो, गणपतीला येऊन पाचशेची नोट लेकराच्या हातात ठेवण्यापेक्षा महिन्याला ठरावीक पाचशे आजीच्या खात्यावर टाका.

हात पिवळे करण्याची घाई

नात तेरा-चौदाची झाली की आजीची झोप उडते. "माझे डोळे मिटायच्या आत हिचे हात पिवळे करते." यात दुष्टपणा नाही, भीती आहे. ऊसतोडीच्या भागात ही भीती अजूनच मोठी. पण अठराच्या आतलं लग्न २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड, आणि गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. सुपारी फुटायच्या आत बोला. कायद्याचा धाक दाखवायच्या आधी आजीच्या भीतीला उत्तर द्या: मुलीला कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात किंवा मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळते का, ते तिच्यासोबत जाऊन बघा. नातीला सुरक्षित छप्पर आहे हे आजीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की सोयरीक मागं पडते. मी असं तीनदा पाहिलं. एकदा मात्र मला उशीर झाला होता, हळद लागल्यावर कळलं आणि १०९८ ला फोन करावा लागला. ती आजी माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. मुलगी दहावी झाली.

आजीनंतर कोण

हा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. तरीही आजी धडधाकट असतानाच विचारा. मामा, मावशी, चुलता, सगळ्यांना एका दुपारी बसवा. लेकरं कुणाकडं जातील, भावंडं एकत्र राहतील का, जमीन कोण कसेल आणि वाटा कसा देईल, हे साध्या वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. न्यायालयात त्या वहीचं वजन कमी असेल, पण आपल्या सहीला भाऊबंद लाजतात. थोरलं लेकरू दहा-बाराचं असेल तर त्यालाही बसवा आणि विचारा, तुला कुणाकडं राहायला आवडेल? एका मुलीनं अशा बैठकीत मामाचं, काकाचं नाव न घेता धाकट्या मावशीचं घेतलं. मावशीच्या मनातही तेच होतं, पण सासरी काय म्हणतील म्हणून ती गप्प बसली होती.

त्या वहीची झेरॉक्स पिशवीत ठेवा. आणि पिशवी घरात कुठं आहे, ते थोरल्या लेकराला दाखवून ठेवा.